आरोप करचुकवेगिरीचा, शिक्षा निदर्शनांची? तुरुंगातील मानवी हक्क कार्यकर्त्यांविषयी एक शंका

प्रश्न : पानकळा

आमच्या वाचनगटापुढे एक प्रस्ताव आला आहे. शांततापूर्ण निदर्शने केल्यामुळे किंवा निदर्शकांची बाजू घेतल्यामुळे तुरुंगात गेलेल्या मानवी हक्क कार्यकर्त्यांपैकी दोघा-तिघांची निवड करावी, त्यांच्या खटल्यांची माहिती ठेवावी आणि त्यांना व संबंधित सरकारांना नियमितपणे पत्रे पाठवावीत, असा तो प्रस्ताव. बहुतेकांचा त्याला पाठिंबा आहे. परंतु आयुष्यभर हिशेबतपासणी केलेल्या आमच्या एका ज्येष्ठ सदस्यांनी घेतलेला आक्षेप मला सहजासहजी बाजूला सारता येत नाही.

त्यांचे म्हणणे असे, की चर्चेत जुन्या-नव्या खटल्यांतली जी नावे निघाली, त्यांपैकी एकाच्याही दोषारोपपत्रात ‘शांततेने निषेध केला’ असे लिहिलेले नाही. बेलारूसच्या आलेस बियालियात्स्की यांच्यावर करचुकवेगिरीचा आणि पुढे रोकड तस्करीचा आरोप होता. इजिप्तच्या अला अब्द अल-फताह यांच्यावर आधी विनापरवाना निदर्शनाचा व पोलिसाचा वॉकीटॉकी पळवल्याचा, नंतर खोट्या बातम्या पसरवल्याचा. तुर्कस्तानच्या उस्मान कवाला यांच्यावर सरकार उलथवण्याच्या प्रयत्नाचा. प्रत्येक ठिकाणी न्यायाधीश होते, वकील होते, निकालपत्र होते. इतक्या लांबून आणि खटल्याचे कागद न वाचता, तो निकाल म्हणजे केवळ बहाणा आहे, असे आपण कशाच्या आधारावर म्हणायचे? शिवाय निदर्शकांनी रस्ता अडवला, मनाई आदेश मोडला, तर त्याला ‘शांततापूर्ण’ म्हणायचे की नाही, हाही त्यांचा प्रश्न आहे. भावनेपेक्षा निकष सांगणारी उत्तरे मिळाली तर उपयोग होईल.

प्रतिसाद १ : तळटीप

आक्षेप रास्त आहे, आणि तो हिशेबतपासनिसांनी घेतला हे उत्तमच झाले, कारण बियालियात्स्की यांचा पहिला खटला त्याच नजरेने वाचण्याजोगा आहे.

‘व्यास्ना’ ही त्यांची संस्था १९९६ पासून निदर्शनांत पकडल्या गेलेल्यांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना मदत करत आली. २००३ मध्ये बेलारूसच्या सर्वोच्च न्यायालयाने ती विसर्जित केली. नोंदणी नसलेल्या संस्थेला देशात स्वतःच्या नावाचे बँक खाते ठेवता येत नाही, आणि पुन्हा नोंदणी करण्याचे प्रयत्न फेटाळले गेले. त्यामुळे संस्थेच्या कामासाठी परदेशातून येणारा निधी बियालियात्स्की यांच्या वैयक्तिक नावाने लिथुआनिया आणि पोलंडमधील खात्यांत जमा होत असे. २०११ मध्ये बेलारूसने कायदेविषयक परस्पर साहाय्याच्या तरतुदींचा आधार घेऊन त्या खात्यांचे तपशील मागितले आणि दोन्ही देशांच्या यंत्रणांनी ते नेहमीचे टपाल निकाली काढावे तसे देऊन टाकले; पोलंडच्या परराष्ट्रमंत्र्यांना पुढे जाहीर माफी मागावी लागली. मग खात्यातली रक्कम हे त्यांचे खासगी उत्पन्न आहे आणि त्यावर कर भरलेला नाही, असे ठरवून त्यांना साडेचार वर्षांची शिक्षा झाली.

आता आपल्या ज्येष्ठ सदस्यांनाच विचारावे, की खात्यावर नाव कोणाचे आहे एवढ्यावरून पैसा कोणाचा हे ठरते का? संस्थेला खाते उघडण्याची वाट बंद करायची आणि मग दुसऱ्याच्या नावाचे खाते वापरले म्हणून कर लावायचा, हा क्रम ज्याने घडवला तोच फिर्यादी आहे. येथे कागदपत्रे न वाचताही हाती येणारा पुरावा आहे, तो असा : संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने ‘व्यास्ना’चे विसर्जन हा संघटनास्वातंत्र्याचा भंग असल्याचे २००७ मध्येच, म्हणजे करखटल्याच्या चार वर्षे आधी, नोंदवले होते. दुसऱ्या खटल्यात तर पडदाही विरळ झाला. २०२० च्या निवडणुकीनंतर झालेल्या प्रचंड निदर्शनांत पकडलेल्यांना मदत करणाऱ्या या संस्थेच्या प्रमुखांना, ‘सार्वजनिक सुव्यवस्थेचा गंभीर भंग करणाऱ्या कृत्यांना अर्थसाह्य’ आणि रोकड तस्करी या आरोपांखाली मार्च २०२३ मध्ये १० वर्षांची शिक्षा सुनावली गेली. त्याआधीच्या वर्षी त्यांना शांततेचे नोबेल मिळालेले होते. त्यांची सुटका डिसेंबर २०२५ मध्ये झाली.

कवाला यांच्या बाबतीत आपले काम आणखी सोपे आहे, कारण हा बहाणा आहे काय, हा नेमका प्रश्न एका न्यायालयाने तपासला आहे. युरोपीय मानवी हक्क कराराचे १८ वे कलम असे सांगते, की हक्कांवर जी बंधने घालण्याची मुभा करार देतो, ती ठरवून दिलेल्या हेतूखेरीज अन्य हेतूने वापरता येणार नाहीत. या कलमाचा भंग झाला असे स्ट्रासबुर्गचे युरोपीय मानवी हक्क न्यायालय क्वचितच म्हणते, कारण सरकारच्या मनात काय होते ते सिद्ध करणे अवघड असते. १० डिसेंबर २०१९ रोजी ते त्याने म्हटले. कारणमीमांसा वाचण्यासारखी आहे : इस्तंबूलच्या गेझी उद्यानाची सरकारविरोधी निदर्शने २०१३ मधली, अटक ऑक्टोबर २०१७ मधली, आरोपासाठी ज्या कृती पुढे केल्या, त्या बहुतांशी कायद्याने मुभा असलेल्या, आणि राष्ट्राध्यक्षांनी जाहीर भाषणांत त्यांना लक्ष्य केल्यानंतर थोड्याच काळात दोषारोपपत्र दाखल झालेले. न्यायालयाने तत्काळ सुटकेस सांगितले. १८ फेब्रुवारी २०२० रोजी इस्तंबूलच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले आणि त्याच दिवशी, वेगळ्या आरोपाखाली, त्यांना पुन्हा ताब्यात घेण्यात आले. एप्रिल २०२२ मध्ये त्याच गेझी निदर्शनांवरून त्यांना कठोर स्वरूपाची जन्मठेप झाली.

मी स्वतः अशी बातमी वाचताना कलमाचे नाव झाकून ठेवतो आणि त्या व्यक्तीने प्रत्यक्ष काय केले, ते एका साध्या वाक्यात लिहून पाहतो. ‘दहशतवादाला साहाय्य’ हे बाजूला केल्यावर खाली ‘पत्रक वाटले’, ‘वकील मिळवून दिला’, ‘दंड भरला’ एवढेच उरत असेल, तर संशयाला जागा आहे. त्यानंतर तारखा पाहतो. कृती आणि अटक यांच्यामध्ये कित्येक वर्षे गेली असतील आणि अटक मात्र एखाद्या भाषणानंतर, निवडणुकीनंतर किंवा परदेशी व्यासपीठावर दिलेल्या साक्षीनंतर झाली असेल, तर तो योगायोग मानण्यासाठी मला बराच पुरावा लागेल. आणि सर्वांत बोलका भाग म्हणजे सुटकेचा दिवस. एक खटला कोसळताच दुसरा तयार असणे हे बहुतेक वेळा पुरेसे उत्तर असते.

प्रतिसाद २ : उंबरठा

वरील विवेचन पटते, तरी सगळे एकाच पोतडीत घालण्याची घाई नको, असे मला वाटते. बेलारूसचा करखटला ही एक गोष्ट; पण महामार्ग अडवणारे लोक ही निराळी गोष्ट आहे, आणि मूळ प्रश्नाचा तो भाग अनुत्तरित राहिला आहे.

लिथुआनियातील शेतकऱ्यांनी मे २००३ मध्ये कृषिमालाच्या दरांवरून प्रमुख महामार्ग ट्रॅक्टर उभे करून अडवले. त्यांना सभेची परवानगी होती, पण ठरवून दिलेल्या जागी. दंगलीच्या गुन्ह्याखाली त्यांना ६० दिवसांची शिक्षा झाली आणि ती स्थगित ठेवण्यात आली, म्हणजे प्रत्यक्ष तुरुंग पाहावा लागला नाही. युरोपीय न्यायालयाच्या बृहत्पीठाने २०१५ मध्ये या शिक्षेत हक्कभंग नाही असा निर्णय दिला. इतरांचे दैनंदिन व्यवहार जाणूनबुजून आणि गंभीरपणे रोखणे हे सभास्वातंत्र्याच्या गाभ्यात बसत नाही, अशी त्यामागची भूमिका आहे. म्हणजे निदर्शक निःशस्त्र होता एवढ्याने कायदा हात बांधून बसत नाही.

दुसरे असे, की सविनय कायदेभंगाच्या परंपरेतच शिक्षा स्वीकारणे अभिप्रेत आहे. १९२२ च्या अहमदाबादच्या खटल्यात गांधीजींनी न्यायाधीशांपुढे आरोप मान्य करून कायद्याने देता येईल ती कमाल शिक्षा मागितली आणि सहा वर्षांची शिक्षा पत्करली. आजचे आंदोलक कायदा मोडतात आणि शिक्षा झाली की अन्याय झाला म्हणतात, यात विसंगती नाही काय?

प्रतिसाद ३ : साक्षेप

लिथुआनियाचा दाखला योग्य आहे. मात्र त्या निकालाचा भार शिक्षेच्या सौम्यपणावर आहे, हे त्यातून गाळून चालणार नाही. तुरुंगात प्रत्यक्ष न जावे लागलेल्या ६० दिवसांना प्रमाणशीर म्हणणे आणि वर्षानुवर्षांच्या कैदेला प्रमाणशीर म्हणणे यांत फार मोठे अंतर आहे. ब्रिटनमध्ये २०२२ च्या कायद्याने ‘सार्वजनिक उपद्रवा’ला १० वर्षांपर्यंतची शिक्षा ठेवली, आणि लंडनभोवतालच्या एम-२५ महामार्गावरील वाहतूक रोखण्याच्या बेताची ऑनलाइन बैठक घेतल्याबद्दल जुलै २०२४ मध्ये ‘जस्ट स्टॉप ऑइल’ या खनिज तेलविरोधी आंदोलनाच्या रॉजर हॅलम यांना ५ वर्षांची, तर इतर चौघांना प्रत्येकी ४ वर्षांची शिक्षा झाली. मार्च २०२५ मध्ये अपील न्यायालयाने त्या कमी केल्या. हॅलम यांची ४ वर्षांवर आली. न्यायालये स्वतंत्र आहेत, अपील ऐकले जाते, खटला उघड चालतो, त्यामुळे हे बेलारूस नव्हे, हे मान्यच आहे. पण कोणालाही इजा न करणाऱ्या निषेधासाठी चार वर्षे ही जुन्या लोकशाहीतही अलीकडची गोष्ट आहे, आणि तिच्याकडे ‘शेवटी कायदा मोडलाच ना’ म्हणून पाहणे मला जमत नाही.

‘शांततापूर्ण’ कशाला म्हणायचे यावर मानवी हक्क समितीने जुलै २०२० मध्ये आपल्या ३७ व्या सर्वसाधारण भाष्यात सविस्तर लिहिले आहे. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या २१ व्या कलमाचा अर्थ ते सांगते. त्यानुसार हिंसा म्हणजे इतरांविरुद्ध असे शारीरिक बळ वापरणे, ज्याने इजा, मृत्यू किंवा मालमत्तेची गंभीर हानी होण्याचा संभव आहे. रेटारेटी किंवा वाहतुकीचा खोळंबा म्हणजे हिंसा नव्हे. जमावातल्या काहींनी दगड मारले म्हणून बाकीच्यांचा हक्क संपत नाही. आणि पूर्वसूचना दिली नाही एवढ्यावरून सभा बेकायदा ठरवून सहभागींना शिक्षा करता येत नाही, कारण सूचना ही बंदोबस्ताच्या सोयीसाठी असते, परवानगी मागण्यासाठी नव्हे. आपल्या सदस्यांच्या दुसऱ्या शंकेला हे पुरेसे नेमके उत्तर आहे.

गांधीजींच्या दाखल्याबद्दल एक दुरुस्ती. १९२२ चा तो खटला ‘यंग इंडिया’तील लेखांवरून राजद्रोहाचा होता, रस्त्यावरच्या कायदेभंगाचा नव्हता. शिवाय शिक्षा पत्करणे ही निदर्शकाने स्वतःवर घातलेली अट आहे. तेवढ्याने शिक्षा देणाऱ्याचे समर्थन होत नाही. त्यांनी कमाल शिक्षा मागितली म्हणून राजद्रोहाचे ते कलम योग्य होते, असे आपल्यापैकी कोणी म्हणणार नाही.

आणि ज्यात रस्ता अडला नाही, कोणाचा वेळ गेला नाही, अशा निषेधाचे काय होते, हे पाहायचे असेल तर इरोम शर्मिला यांची सोळा वर्षे पाहावीत. नोव्हेंबर २००० मध्ये मणिपूरच्या मालोम येथे दहा नागरिक मारले गेल्यावर, सशस्त्र दलांना विशेषाधिकार देणारा कायदा रद्द करावा, या एकाच मागणीसाठी त्यांनी उपोषण आरंभले. आरोप लागला आत्महत्येच्या प्रयत्नाचा, तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचे कलम ३०९. त्याची कमाल शिक्षा एक वर्षाची, म्हणून मुदत भरत आली की त्यांना सोडायचे, त्यांनी अन्न घेतले नाही की एक-दोन दिवसांत पुन्हा अटक करायची. इम्फाळच्या सरकारी रुग्णालयातील एक खोली हाच तुरुंग ठरला आणि नाकातून घातलेल्या नळीवाटे द्रव अन्न देणे हीच तुरुंगाची व्यवस्था. मरायचे नाही, जगायचे आहे, असे त्या सांगत राहिल्या. ऑगस्ट २०१४ मध्ये सत्र न्यायालयानेही आत्महत्येचा हेतू दिसत नाही म्हणून सुटकेचा आदेश दिला, आणि सुटल्यावर दोनच दिवसांनी त्यांना पुन्हा ताब्यात घेतले गेले. उपोषण त्यांनी ऑगस्ट २०१६ मध्ये सोडले. येथे अटक करणारा प्रत्येक अधिकारी कलमाच्या शब्दाप्रमाणेच वागत होता, आणि तरीही एक राजकीय मागणी सोळा वर्षे वैद्यकीय नोंदींत बंद राहिली.

प्रतिसाद ४ : दीर्घिका

एक पैलू राहून जातो आहे. निदर्शकाभोवतालची माणसे, म्हणजे वकील, साक्षीदार, नोंदी ठेवणारे, हीही याच जाळ्यात ओढली जातात, आणि निकाल खरा की बहाणा हे ओळखण्याची ती फार चांगली खूण आहे.

इजिप्तमध्ये नोव्हेंबर २०१३ च्या निदर्शनविषयक कायद्याने तीन दिवस आधी सूचना आणि गृहखात्याला मनाईचा अधिकार अशी रचना केली. २४ जानेवारी २०१५ रोजी कैरोमध्ये तहरीर चौकाकडे पुष्पचक्र वाहायला निघालेल्या लहानशा मोर्चावर पोलिसांनी बळ वापरले आणि शैमा अल-सब्बाघ ही कार्यकर्ती मारली गेली. जवळच्याच उपाहारगृहात कुटुंबासह बसलेल्या वकील अझ्झा सोलिमान यांनी ते पाहिले आणि आपण होऊन सरकारी वकिलांपुढे जाऊन जबानी दिली. साक्षीदार म्हणून गेलेल्या या बाईंना विनापरवाना निदर्शनाच्या आरोपी करण्यात आले. मे २०१५ मध्ये त्या निर्दोष सुटल्या. सरकार पक्षाने अपील केले, आणि ऑक्टोबरमध्ये त्या पुन्हा निर्दोष ठरल्या. निकाल दोन्ही वेळा योग्य लागला, पण त्यानंतर पोलिसांविरुद्ध साक्ष देण्याआधी कोणीही दहादा विचार करील.

अला यांचेही तसेच. पाच वर्षांची शिक्षा भोगून मार्च २०१९ मध्ये सुटल्यावर त्यांना पुढची पाच वर्षे रोज संध्याकाळी सहापासून सकाळी सहापर्यंत पोलीस ठाण्यात काढायची होती. सप्टेंबरमध्ये एका सकाळी ते ठाण्यातून बाहेर पडतानाच त्यांना अटक झाली, आणि त्यांच्या चौकशीला वकील म्हणून हजर राहिलेले मोहम्मद बाकर यांनाही त्याच दिवशी त्याच प्रकरणात आत घालण्यात आले. दोन वर्षांहून अधिक काळ कच्चे कैदी राहिल्यावर डिसेंबर २०२१ मध्ये अला यांना आणखी पाच वर्षे सुनावली गेली आणि आधीची कोठडी त्यात धरली गेली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये माफी मिळून ते सुटले. ज्या खटल्यात बचावाचा वकीलच सहआरोपी होतो, त्याचे निकालपत्र किती जाडजूड आहे याने मला फरक पडत नाही.

पानकळा

सर्वांचे आभार. ‘व्यास्ना’च्या खात्यांचा तपशील मी ज्येष्ठ सदस्यांना वाचून दाखवला. ज्याने खाते उघडू दिले नाही त्यालाच आधी नोटीस काढायला हवी होती, असे ते म्हणाले, आणि निवडीच्या कामात त्यांनी स्वतःहून लक्ष घालायचे कबूल केले आहे. दोन व्यावहारिक गोष्टी विचारतो. पत्रांचा खरोखर उपयोग होतो का? आणि एखाद्या कैद्याने पूर्वी कधी हिंसेचे समर्थन केले असेल तर त्याला यादीतून वगळावे का?

प्रतिसाद ५ : तळटीप

दुसरे आधी. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने १९६४ मध्ये नेल्सन मंडेला यांना ‘सद्सद्विवेकाचे कैदी’ (म्हणजे हिंसेचा पुरस्कार न करता केवळ मतांमुळे तुरुंगात गेलेले) मानण्यास नकार दिला होता, कारण त्यांनी सशस्त्र प्रतिकाराचा पुरस्कार केला होता. त्यांच्या खटल्यातील त्रुटींबद्दल मात्र ती संघटना बोलत राहिली. हा भेद आपल्यालाही पाळता येईल. सुटकेची मागणी ज्यांच्यासाठी करायची त्यांची कसोटी कडक ठेवावी. छळ नको, वकील मिळावा, खटला उघड चालावा, ही मागणी मात्र कोणासाठीही करता येते आणि तिला कोणतीही कसोटी लागत नाही. बहारीनचे अब्दुल हादी अल-ख्वाजा यांचे उदाहरण दोन्हीकडे बसते. एप्रिल २०११ मध्ये अटक, जूनमध्ये विशेष लष्करी न्यायालयाकडून जन्मठेप. आणि कोठडीतील छळाच्या तक्रारींना राजानेच नेमलेल्या चौकशी आयोगाच्या त्याच वर्षीच्या अहवालाने पुष्टी दिली. एवढे होऊनही शिक्षा रद्द झाली नाही.

पत्रांविषयी मोठी आशा दाखवणार नाही. पुष्कळ ठिकाणी ती कैद्यापर्यंत पोहोचतच नाहीत. बेलारूसच्या तुरुंगात असलेल्या विरोधी नेत्या मारिया कोलेस्निकोवा यांचा फेब्रुवारी २०२३ पासून दीड वर्षाहून अधिक काळ घरच्यांशीही संपर्क तोडलेला होता. पण सरकारला लिहिलेल्या पत्राची कुठेतरी नोंद होऊ शकते, आणि या माणसाचे काय चालले आहे हे बाहेर कोणी पाहत आहे, एवढे अधिकाऱ्यांना कळू शकते. पत्र छोटे आणि सभ्य असावे. त्यात तारखा बिनचूक असाव्यात, खटल्याचे नाव असावे, एकच मागणी असावी. संयुक्त राष्ट्रांच्या मनमानी स्थानबद्धतेविषयीच्या कार्यगटाने त्या व्यक्तीबद्दल मत दिलेले असेल तर त्याचा उल्लेख अवश्य करावा, कारण त्यात सरकारचे उत्तर मागवून, दोन्ही बाजू पाहून निष्कर्ष काढलेला असतो आणि ‘तुम्हाला कागद माहीत नाहीत’ हा प्रतिवाद तिथे चालत नाही. आपल्या हिशेबतपासनिसांनाही निवडीसाठी याच मतांपासून सुरुवात करता येईल.

कैद्याला लिहिताना खटल्याबद्दल, राजकारणाबद्दल किंवा त्याच्या सहकाऱ्यांबद्दल एक अक्षरही लिहू नये. ते पत्र त्याच्याआधी दुसराच कोणी वाचणार आहे. आणि पहिले पत्र टाकण्यापूर्वी, शक्य असेल तेथे, त्या कुटुंबाला किंवा वकिलांना विचारून घ्यावे. कधी कधी पडद्याआड बोलणी चाललेली असतात आणि काही आठवडे गप्प राहा, असा निरोप येतो. तसा निरोप आला तर थांबावे.